साखर तपासता, मग खोकलाही सांगा

मधुमेहाला आपण मराठीत ‘साखर’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘सक्करे कायिले’. टीबीला मात्र दोन्ही भाषांत शब्द एकच, क्षय. हे दोन आजार हातात हात घालून येतात, हे मात्र आपल्या घरांतून फारसे कुणी बोलत नाही.

मधुमेह असणाऱ्याला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट अधिक असतो. साखर सतत वाढलेली राहिली, की प्रतिकारशक्ती मंदावते आणि शरीरात निपचित पडलेले क्षयाचे जंतू डोके वर काढतात. म्हणूनच २०१७ साली केंद्र सरकारने दोन्ही आजारांची तपासणी एकमेकांशी जोडली. मधुमेहीला क्षयाची लक्षणे विचारायची आणि क्षयरोग्याची साखर तपासायची.

आमच्या नात्यातल्या एका आक्कांना बारा वर्षांपासून साखर. दिवाळीनंतर त्यांचे वजन उतरू लागले. येणारी-जाणारी म्हणे, ‘पथ्य लागू पडलं हो!’ संध्याकाळी कणकण यायची, ती थंडीच्या नावावर खपली. अखेर धारवाडकडच्या सूनबाईंनी विचारले, ‘अत्ते, केम्मु एष्टु दिनदिंद ऐति?’ खोकला किती दिवसांचा? मोजले, तर तीन आठवडे झालेले! मी त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. बेडका तपासला, छातीचा एक्स-रे काढला आणि क्षय निघाला.

आक्कांना धास्ती आजाराची नव्हती, नातीच्या सोयरिकीची होती. ‘बाहेर कळू देऊ नका,’ म्हणाल्या आणि आपले ताट वेगळे मांडू लागल्या. सूनबाईंनी ते उचलून पुन्हा पंगतीत ठेवले. क्षय ताट-पेल्यातून पसरत नाही. खोकल्यावाटे, हवेतून पसरतो. तोंडावर रुमाल, उघड्या खिडक्या आणि वेळेवर औषध हीच खरी काळजी. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घेतली.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे साखरेच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो. त्यामुळे साखर वरचेवर तपासावी लागते, कधी इन्सुलिनही घ्यावे लागते. क्षयाच्या डॉक्टरांना साखरेच्या आणि साखरेच्या डॉक्टरांना क्षयाच्या गोळ्या दाखवाव्यात. मनाने काहीही बंद करू नये.

सरकारी केंद्रात तपासणी व औषधे मोफत मिळतात. पोषणासाठीची मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झाली आहे. जंतूंची जनुकीय तपासणी करणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली.

तेव्हा पुढच्या वेळी साखर तपासायला जाल, तेव्हा चार गोष्टी न विचारताच सांगा: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि कारण नसताना उतरलेले वजन. यांतली एक जरी असली, तरी बेडका तपासायला सांगा. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, पण सांगा.