तुपाच्या थेंबाखाली वाढलेली लस

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उद्रेक झाला. धान्याच्या गोदामांची व पेढ्यांची ही वस्ती. पाहता पाहता दुकानांना कुलपे लागली आणि माणसे गावाकडे निघाली. सरकारने कलकत्त्याहून वाल्देमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञास पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत, एक कारकून व तीन शिपाई एवढ्याच साहाय्याने त्यांनी काम आरंभिले.

त्यांची रीत आपल्या स्वयंपाकघरास अपरिचित नाही. पोषक रसावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांना बिलगून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. भांडे हलविले की तळाशी बसत आणि वर नवी वाढ सुरू होई. पुढे उष्णता देऊन ते मारले, की लस तयार.

मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही. परंतु त्याच्या अंगावरील खुणा बऱ्याच अंशी शाबूत राहतात. बँकेत खातेदाराच्या स्वाक्षरीचा नमुना जपून ठेवतात, तद्वत शरीरातील पेशी त्या खुणा स्मरणात ठेवतात. खरा जंतू आला, की ओळख पटण्यास विलंब लागत नाही. मात्र हा नमुना नोंदविण्यास काही दिवस जातात. टोचून घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी निर्धास्त होणे म्हणूनच चुकीचे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पहिली मात्रा स्वतः टोचून घेतली. त्यांना ताप आला. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. न टोचलेल्यांपेक्षा त्यांच्यात लागण कमी झाली. संरक्षण पूर्ण नव्हते, कायमचेही नव्हते.

१९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. तरीही ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पद सोडावे लागले. बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न तापविताच वापरला गेला, ही बाब चौकशीच्या कागदपत्रांत नोंदलेली होती. पण तिच्याकडे लक्ष जाण्यास वर्षे लागली. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.