‘प्रेसमध्ये आहे’ म्हणजे नेमका कुठे? नाशिकमध्ये एकाच इंग्रजी शब्दाचे किती अर्थ, आणि ते कळणं का गरजेचं

नाशिकरोड स्थानकाबाहेर रिक्षात बसून नुसतं ‘प्रेस’ म्हटलं, तर पुढचा प्रश्न येतो : कोणतं? नोटांचं की सिक्युरिटीचं? सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये हाच शब्द पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या यंत्रासाठी वापरतात. गल्लीतल्या दुकानाच्या पाटीवर ‘ड्राय क्लीन अँड स्टीम प्रेस’ असतं. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरीत द्राक्षांचा रस काढतात, तेही प्रेसमध्येच. आणि दुचाकीच्या काचेवर लाल अक्षरांत ‘प्रेस’ लिहिलेलं असेल, तर त्याचा या चौघांशीही संबंध नसतो.

त्यामुळे ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ असं कुणी सांगितलं, तर तो नोटा छापतो, बातम्या लिहितो, डाय बसवतो की कपड्यांना इस्त्री करतो, हे नाशिकमध्ये विचारूनच घ्यावं लागतं.

मूळ अर्थ द्राक्षांचा

लॅटिनमध्ये ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणं. युरोपात हा शब्द आधी चिकटला तो द्राक्षं, ऑलिव्ह आणि कापड दाबायच्या लाकडी यंत्राला. मोठा स्क्रू फिरवायचा, वरची फळी खाली येते, दाब बसतो. पंधराव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीतल्या माइन्झमध्ये योहान गुटेनबर्गने धातूचे सुटे खिळे जुळवून छपाई सुरू केली, तेव्हा शाई कागदावर उमटवायला असंच स्क्रूचं यंत्र वापरलं. तिथून शब्द सरकत गेला. आधी यंत्र, मग यंत्र ठेवलेली जागा, मग तिथे छापलं जाणारं वृत्तपत्र, शेवटी त्यात लिहिणारी माणसं.

म्हणजे शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ नाशिकच्या वायनरीत आजही रोजच्या वापरात आहे. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आंबवण्याआधी प्रेस करतात. लाल वाइनसाठी आधी सालीसकट आंबवतात आणि प्रेस नंतर, कारण रंग सालीतून उतरतो.

मराठीत मात्र ही साखळी तयार झाली नाही. छपाईचं यंत्र भारतात पहिल्यांदा १५५६ मध्ये गोव्यात आलं. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं. आपण जागेला छापखाना म्हटलं, अंकाला वर्तमानपत्र आणि माणसाला पत्रकार. तिन्ही वेगळे शब्द. तरीही बोलताना तिघांसाठी ‘प्रेस’च तोंडात बसलं. छापखान्याचं सरकारी नाव ‘मुद्रणालय’, पण ते पाटीवरून खाली उतरलंच नाही. गंमत म्हणजे आपल्या ‘छापा’ शब्दाचाही असाच पसारा आहे : पोलिसांचा छापा वेगळा, नाण्याचा छापा-काटा वेगळा. छापखान्यावर छापा पडू शकतो, आणि त्या वाक्यात कुणी गोंधळत नाही.

नोट प्रेस आणि प्रेस नोट

नाशिकरोडला दोन प्रेस शेजारी आहेत. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनची. त्याआधी भारताची टपाल तिकिटं लंडनच्या ‘डी ला रू’ कंपनीत छापून यायची. करन्सी नोट प्रेस १९२८ मध्ये सुरू झाली आणि भारतात नोटा छापण्याची सुरुवात तिथून झाली. पहिली नोट पाच रुपयांची होती. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर पाचशेच्या नव्या नोटा छापणाऱ्या छापखान्यांत हीच प्रेस होती.

‘सिक्युरिटी प्रेस’मधल्या ‘सिक्युरिटी’चा गेटवरच्या रखवालदाराशी संबंध नाही. बंदोबस्त कडक असला, तरी नाव त्यावरून पडलेलं नाही. इथे सिक्युरिटी म्हणजे प्रतिभूती, अर्थात ज्या कागदालाच किंमत किंवा कायदेशीर वजन आहे असा कागद : स्टॅम्प पेपर, टपाल तिकीट, पासपोर्ट. दोन्ही प्रेस २००६ मध्ये स्थापन झालेल्या भारत प्रतिभूती मुद्रण व मुद्रा निर्माण महामंडळाकडे आहेत. शहरात गांधीनगरला तिसरी सरकारी प्रेसही आहे, भारत सरकार मुद्रणालयाची. केंद्राने २०१७ मध्ये १७ सरकारी मुद्रणालयं पाचमध्ये विलीन करायचं ठरवलं, तेव्हा टिकलेल्या पाचांत नाशिकचं नाव होतं.

शब्द उलटे केले की ‘प्रेस नोट’. साध्या भाषेत प्रसिद्धिपत्रक. पण प्रत्येक प्रेस नोट बातमीसाठी नसते. केंद्राच्या उद्योग खात्याने एप्रिल २०२० मध्ये ‘प्रेस नोट ३’ काढली आणि भारताला सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीसाठी सरकारची आधी परवानगी बंधनकारक झाली. नाव पत्रकाचं, वजन धोरणाचं.

‘प्रेस ऑपरेटर पाहिजे’

अर्थाची चूक खरी महागात पडू शकते ती इथे. ‘प्रेस ऑपरेटर पाहिजे, आयटीआय/दहावी’ अशी जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरते तेव्हा नाशिकमध्ये तिचे दोन अर्थ निघतात. एक, ऑफसेट छपाई यंत्र चालवणारा. आयटीआयमध्ये त्यासाठी ‘ऑफसेट मशीन माइंडर’ हा वेगळा ट्रेड आहे. दुसरा, पॉवर प्रेस चालवणारा. दोन्ही कामांत साम्य फक्त नावाचं, धोका पूर्ण वेगळा.

पॉवर प्रेसमध्ये डायचा खालचा भाग टेबलावर असतो, वरचा भाग रॅमला. मधे पत्रा ठेवायचा, रॅम खाली येतो, पत्रा कापला किंवा वाकवला जातो. जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये की-क्लच असतो. तो एकदा अडकला की चाकाचा पूर्ण फेरा होतोच. स्ट्रोक मधे थांबवता येत नाही. पायाचं पेडल असेल तर हात मोकळे राहतात, आणि नेमकी तीच अडचण आहे. पत्रा सरळ करायला हात आत जातो, पाय पेडलवर पडतो, आणि बोटं जातात.

उपाय जुनेच आहेत. डायभोवती जाळीचा गार्ड. पेडलऐवजी दोन्ही हातांची दोन बटणं, दोन्ही एकदम दाबली तरच रॅम खाली येतो. प्रकाशाचा पडदाही असतो : हात मधे आला की यंत्र थांबतं. मात्र तो हायड्रॉलिक किंवा एअर क्लचच्या प्रेसवरच उपयोगी. की-क्लचच्या प्रेसवर तो लावला, तर दिसायला सुरक्षा आणि प्रत्यक्षात काही नाही, कारण हे यंत्र मधे थांबूच शकत नाही. यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण हवं, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने तेव्हाच सांगितलं होतं.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्याने पगाराआधी दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. प्रेस छपाईची की पत्र्याची? पत्र्याची असेल तर पेडल की दोन बटणं? गार्ड आहे का, की ‘उत्पादन कमी होतं’ म्हणून काढून ठेवलाय? आणि ईएसआयसीची नोंद पहिल्या दिवसापासून होणार का? कामावरच्या इजेसाठी मिळणाऱ्या लाभाला आधी ठरावीक दिवस काम झालेलं असण्याची अट नाही. पण नोंदच नसेल, तर अपघातानंतर पहिली धावपळ कागदांसाठी होते.

गाडीवरचं ‘प्रेस’

गाडीवर ‘प्रेस’ लिहिण्याचा परवाना कोणतंही सरकारी खातं देत नाही. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून पत्रकारांना मिळते ती अधिस्वीकृती पत्रिका. ती व्यक्तीची असते, गाडीची नाही. स्टिकरने टोल माफ होत नाही, सिग्नलही नाही. नंबर प्लेटवर तर क्रमांकाशिवाय काही लिहिणंच नियमबाह्य. इस्त्रीवाल्यानेही ‘प्रेस’ लावलं तर चूक काय, हा विनोद जुना असला तरी मुद्दा बरोबर आहे.

कायद्यातही हा शब्द सरळ नाही. ‘प्रेसचं स्वातंत्र्य’ आपण म्हणतो, पण राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये ‘प्रेस’ शब्दच नाही. तिथे भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे. वृत्तपत्रं त्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५० पासूनच्या निकालांत स्पष्ट केलं. उलट १८६७ च्या प्रेस कायद्यात छपाईचं यंत्र ठेवणाऱ्यालाही जिल्हा दंडाधिकाऱ्यासमोर घोषणापत्र द्यावं लागायचं. त्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे आणि आता छापखान्याने ऑनलाइन कळवलं की पुरतं.

दाबा, चेपा, पिळा, रेटा

इंग्रजी एकाच शब्दात जे भागवते, त्याला मराठीत डझनभर क्रियापदं आहेत. बटण दाबतात, पाय चेपतात, लिंबू पिळतात, ऊस गाळतात, तेल घाण्यावर काढतात, मागणी रेटतात. ‘प्रेस्ड फॉर टाइम’ म्हणजे वेळेची ओढाताण. सक्तीने कामाला जुंपणं या अर्थाचा इंग्रजी ‘प्रेस’ तर मुळात वेगळ्याच कुळातला. तो उसनी रक्कम या अर्थाच्या जुन्या फ्रेंच ‘प्रेस्त’वरून आला आणि उच्चारात या शब्दात मिसळला.

वेब सिरीजमधलं ‘प्रेस चार्जेस’ मराठी सबटायटलमध्ये कधी ‘आरोप दाबा’ होतं, म्हणजे अर्थ थेट उलटा. आपल्याकडे तक्रार दिली जाते, दखलपात्र गुन्हा पोलीस नोंदवतात, खटला सरकार चालवतं आणि आरोप निश्चित करतं न्यायालय. तक्रारदाराने ‘चार्ज प्रेस’ करायची पायरीच नाही.

‘प्रेस नाइन’चा फोन

शेवटचा अर्थ प्रत्येक मोबाइलवर येतो. बँकेच्या हेल्पलाइनवर ‘मराठीसाठी दोन दाबा’ ऐकू येतं, ते ठीक. पण ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होईल, अधिक माहितीसाठी नऊ दाबा’ असा ‘ट्राय’च्या नावाने फोन आला, तर काहीही दाबायचं नाही. मोबाइल कनेक्शन बंद करण्याबाबत आपण ग्राहकांना फोन किंवा संदेश करत नाही, असं ट्रायने जाहीर केलेलं आहे. नऊ दाबल्यावर फोन जोडला जातो तो तोतया अधिकाऱ्याला, आणि पुढे ‘तुमच्या आधारवर दुसरं सिम निघालंय’ इथून पैसे मागण्यापर्यंत गोष्ट जाते.

असा फोन आला तर ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’ सुविधेत तक्रार करता येते. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर फोन करायचा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. जितक्या लवकर कळवलं जाईल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.