मिसळली म्हणून भाषा बिघडत नाही

'मोटर चालू झाली की मेसेज टाक, तोवर मी स्टँडवरच आहे.' धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीत असं वाक्य कानावर पडलं, तर कुणी वळूनही बघणार नाही. शुद्ध भाषेचा आग्रह धरणारा मात्र म्हणेल, ना धड मराठी, ना धड इंग्रजी.

पण अशी वाक्यं नीट ऐका. मोटर चालू 'झाली', मेसेज 'आला', टेबल 'मोडलं'. इंग्रजीत या शब्दांना व्याकरणिक लिंग नाही. ते मराठीने दिलं. 'स्टँड'ला 'वर' लागतं तेही मराठीच्या रीतीने, शब्दामागून. बाहेरून आलेल्या शब्दांना मराठीने आपल्या शिस्तीत बसवून घेतलं आहे.

हे झाले उसने शब्द. वाक्याच्या मध्येच अख्खी भाषा बदलणं ही त्यापुढची पायरी, आणि खरा गैरसमज तिथे आहे. एका भाषेत अडलं की माणूस दुसरीकडे पळतो, असं आपण धरून चालतो. भाषाशास्त्रज्ञ शाना पोपलॅक यांनी न्यूयॉर्कमधल्या 20 पोर्तोरिकन रहिवाशांच्या स्पॅनिश-इंग्रजी बोलण्यातले अठराशेहून अधिक भाषाबदल तपासले. 1980 साली छापलेल्या त्या अभ्यासात उलटंच दिसलं. वाक्याच्या पोटात, व्याकरण न मोडता भाषा बदलणारे बहुतांशी दोन्ही भाषांत मुरलेले होते. कच्चे लोक वाक्य संपल्यावर किंवा एखाद्या ठरीव शब्दापुरती भाषा बदलत.

ही सरमिसळ इंग्रजी शाळांनी आणली, हेही खरं नाही. 1948 पर्यंत धाराशिवकडचा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. घरी मराठी आणि सरकारदरबारी उर्दू, हे इथल्या माणसाला नवं नव्हतं. सांगलीजवळचं कुपवाड तर जगभरच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत गेलं आहे. तिथे शतकानुशतकं शेजारी नांदलेल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना किती जवळ आली, हे जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये दाखवलं. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत जो फरक आहे, तसा फरक कुपवाडच्या उर्दूनेही उचलला. भाषा मात्र वेगळ्याच राहिल्या.

दोन भाषांनी मूल गोंधळतं, ही भीती सर्वांत महाग पडते, कारण तिच्यापायी पालक घरची भाषाच सोडतात. बंजारा तांड्यावरचं मूल आजीशी गोरबोलीत आणि गुरुजींशी मराठीत बोलतं, यात गोंधळ नसून समज आहे. दोन वर्षांच्या आसपासची द्विभाषिक मुलंही समोरचा माणूस बघून भाषा निवडतात, असं संशोधकांना आढळलं आहे.

वयाबद्दलही घाई नको. लहान वयाचा फायदा उच्चारात आणि दूरच्या पल्ल्यात दिसतो. मात्र नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या 1978 च्या अभ्यासात सुरुवातीला सर्वांत वेगाने पुढे गेली ती 12 ते 15 वर्षांची मुलं. पाचवी-सहावीनंतर नवी भाषा धरणाऱ्याची गाडी चुकलेली नसते.

वयाचं दुसरं टोकही बघा. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. 2013 च्या त्या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली दिसली. इतर काही अभ्यासांत असा फरक आढळला नाही, म्हणून याला औषध समजू नये. पण हैदराबादेत हा फरक शाळेची पायरी न चढलेल्या निरक्षर रुग्णांतही दिसला होता.