फाइलीची ओळख

मुलांनो, उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथे राहणाऱ्यांना मुंबईहून परतताना गाडीविषयी कोणाला विचारावे लागत नाही. इंडिकेटरवर इंग्रजी 'ए' दिसला, की लोकल अंबरनाथची आणि 'बीएल' दिसले, की बदलापूरची. पण 'एस' दिसला तर? नवखा पाहुणा म्हणेल, "ही कसाऱ्याची असेल. कसाऱ्याच्या इंग्रजी नावात एस आहे." खरे तर 'एस' ही कर्जतच्या गाडीची खूण आहे आणि 'एन' ही कसाऱ्याच्या गाडीची. कल्याणनंतर हे दोन मार्ग वेगळे होतात. म्हणून कसाऱ्याला जायचे असताना 'एस' गाडीत बसलेला पाहुणा बदलापूरला पोहोचेल! खुणेचा अर्थ त्याला कोणीतरी आधी सांगायला हवा.

संगणकाचेही असेच आहे. फाइलीच्या नावात टिंबानंतर जी अक्षरे येतात, त्यांना 'एक्स्टेन्शन' म्हणतात. साधा मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमला 'टेक्स्ट एडिटर' म्हणतात. नावाच्या शेवटी 'एचटीएमएल' असले, की एडिटर ओळखतो, हे वेबपान आहे. मग तो त्यातील खुणा वेगळ्या रंगात दाखवतो. त्यामुळे चूक चटकन सापडते.

समजा, तुम्ही उर्दू-मराठी शब्दांची यादी तयार केली. टिपांच्या ओळींआधी हॅशचे चिन्ह घातले. फाइलीला 'शब्द.यूएम' असे नाव दिले. 'यूएम' ही तुमची स्वतःची खूण. एडिटरला ती कशी ठाऊक असणार? तो सगळ्या ओळी एकाच रंगात दाखवतो. संगणक बिघडलेला नसतो. त्याला फक्त सांगायचे राहिलेले असते.

'नोटपॅड प्लस प्लस' हा एडिटर मोफत मिळतो. त्यात 'लँग्वेज' या यादीतून 'युजर डिफाइन्ड लँग्वेज' आणि मग 'डिफाइन युअर लँग्वेज' निवडा. 'क्रिएट न्यू' दाबून नाव द्या. 'एक्स्ट' या चौकटीत टिंब न देता यूएम लिहा. टिपांच्या विभागात हॅशचे चिन्ह भरा आणि रंग निवडा. आता फाइल बंद करून पुन्हा उघडा. टिपा वेगळ्या रंगात दिसतील.

तरीही रंग दिसला नाही, तर फाइलीचे पूर्ण नाव तपासा. विंडोज नेहमीची एक्स्टेन्शन लपवून ठेवते. त्यामुळे 'शब्द.यूएम' दिसणारी फाइल खरोखर 'शब्द.यूएम.टीएक्सटी' असू शकते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. इंडिकेटरवरील अक्षर बदलले, म्हणून रूळ बदलत नाहीत. छायाचित्राच्या फाइलीला 'यूएम' नाव दिले, तरी त्याची शब्दांची यादी होत नाही. नाव केवळ ओळख सांगते. ती खरी ठेवणे आपल्या हाती असते.

स्वाध्याय
१. 'एस' लोकलमध्ये बसलेल्या पाहुण्याची कोणती चूक झाली?
२. एडिटरने 'यूएम' फाइल का ओळखली नाही?
३. नाव बदलल्याने फाइलीतील मजकूर बदलतो का? उदाहरण देऊन सांगा.