बेटाला हात लावा, पण ओळखून

घराच्या आवारात बांबू लावायचा म्हटलं की घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, ‘तो पसरला तर?’ ही भीती अगदीच निराधार नाही. चीन-जपानकडच्या काही जातींचे कंद जमिनीखाली लांबवर धावतात आणि वाटेत कुठेही कोंब काढतात. आपल्याकडचा मेस, कळक किंवा माणगा मात्र बेट करून राहतो. त्याचा कंद आखूड आणि जाड असतो. थोडं अंतर जाऊन तो टोक वर वळवतो आणि त्या टोकाचीच काठी होते. नवी काठी जुनीला खेटून उभी राहते आणि बेट कडेकडेने हळूहळू रुंदावतं.

जात निवडताना मात्र चोखंदळ असावं. कळक काटेरी आणि अवाढव्य. त्याला शेताचा बांध बरा. परसासाठी सिंधुदुर्गातला माणगा उत्तम. त्याला काटे नाहीत, काठी सरळ वाढते आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव असते. नुसती शोभा हवी असेल तर हिरव्या रेघांचा पिवळा बांबू आहेच.

लागवड पावसाच्या तोंडाशी करावी. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात माती आणि कुजलेलं शेणखत. पाणी साचणारी जागा टाळावी. माणग्यासारख्या बांबूला कुंपणाच्या भिंतीपासून आठ-दहा फूट तरी मोकळे ठेवावेत. पहिली दोन-तीन वर्षं काठ्या बारीक येतात. अनेकजण इथेच निराश होतात. पण बांबू हे गवत आहे. त्याची काठी झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक जाड होत नाही. कोंब ज्या जाडीने मातीतून डोकं काढतो, तीच जाडी कायम राहते. तीन-चार महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो. पुढच्या पावसाळ्यातला कोंब किती जाड निघणार, हे कंदात किती अन्न साठलं आहे त्यावर ठरतं आणि ते अन्न उभ्या काठ्यांची पानं तयार करतात.

म्हणूनच तोडणीत चूक महागात पडते. कडेच्या काठ्या हाताशी असतात, त्यामुळे त्याच आधी तुटतात. पण कोवळ्या काठ्या असतात त्या नेमक्या कडेलाच. मधल्या म्हाताऱ्या काठ्या तशाच राहतात आणि बेट आतून गच्च होऊन गुदमरतं. काठीचं वय डोळ्यांनी ओळखता येतं. यंदाच्या काठीवर पांढरी भुकटी आणि पेरांना चिकटलेली वाळकी आवरणं दिसतात. दुसऱ्या वर्षी ती स्वच्छ हिरवी होते. तिसऱ्या वर्षानंतर रंग मळकट होतो आणि सालीवर दगडफुलासारखे करडे डाग पडतात. तोडायची ती हीच.

पावसाळा सरला की, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, बेटाच्या एका बाजूने आत शिरायला वाट करावी आणि मधल्या जुन्या काठ्या काढाव्यात. काप जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या अगदी वर घ्यावा. वर पोकळ कांडं उरलं तर त्यात पाणी साचतं, कूज शिरते आणि डासही होतात. परवानगीच्या धास्तीने हात आखडण्याचं कारण आता राहिलेलं नाही: 2017 साली भारतीय वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला.

नवे कंद जुन्यांच्या वरच्या अंगाने येत असल्यामुळे बेट दरवर्षी थोडं उघडं पडतं. मे महिन्यात बुंध्याशी माती आणि शेणखताची भर घालावी. गळलेली पानं झाडून जाळू नयेत; तिथेच कुजू द्यावीत. आणि जून ते सप्टेंबर या काळात, कितीही दाटी दिसली तरी, बेटात कोयता घालू नये. त्या वेळी आत कोंब उभे राहत असतात आणि नुसत्या धक्क्यानेही त्यांची टोकं मोडतात.