एक, दोन, तीन आणि बेरीज १०७ कोटी

१, २ आणि ३ यांची बेरीज करणारं एक छोटं फंक्शन सी भाषेत लिहिलं, कंपाइल केलं आणि संख्याशास्त्राच्या ‘आर’ भाषेतून बोलावलं. उत्तर आलं १०७२६९३२४८. म्हणजे १०७ कोटी २६ लाख ९३ हजार २४८. एरर आली नाही, साधा इशाराही नाही. पुन्हा चालवा, तेच उत्तर. दुसऱ्या लॅपटॉपवर चालवा, तरी तेच.

दर वेळी वेगळा आकडा आला असता, तर ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणून सोडून देता आलं असतं. पण तोच आकडा पुन्हा पुन्हा येतोय, म्हणजे त्यामागे पक्का हिशेब आहे. तो उलगडत गेलं की कॉम्प्युटरच्या पोटात संख्या कशी राहते, हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं बरोबर उत्तर आल्यावर कधीच दिसत नाही.

वेळ कुठे जातो

आधी प्रश्न असा, की आर सोडून सीकडे जायचंच कशाला? आरमध्ये जे जे घडतं ते फंक्शन बोलावल्यामुळे घडतं. गुणाकाराचं चिन्ह हे फंक्शन आहे, ‘फॉर’ लूप हे फंक्शन आहे, इतकंच काय, साधा कंसही फंक्शन आहे. त्यातलं कुठलंही वापरणाऱ्याला नव्यानं लिहिता येतं. ही मोकळीक विलक्षण आहे आणि तिची किंमत वेळेत मोजावी लागते. लूपमध्ये एक गुणाकार आला की आरला दर फेरीला विचारावं लागतं : हे नाव कुठल्या वस्तूचं? ती पूर्णांकांची आहे की दशांशांची? गुणाकाराचा अर्थ कुणी बदललाय का? उत्तर ठेवायला जागा कुठे? सीचा कंपाइलर हे सगळे प्रश्न एकदाच, प्रोग्रॅम चालू होण्याआधी सोडवतो. मग मशीनसाठी मोजक्याच आज्ञा उरतात.

ल्यूक टिअर्नी यांनी आरसाठी बाइटकोड कंपाइलर लिहिला. २०१७च्या ३.४ आवृत्तीपासून तो आपोआप काम करतो, त्यामुळे आरचे लूप पूर्वीइतके रेंगाळत नाहीत. तरीही कोट्यवधी फेऱ्यांच्या कामात सीचा कोड बराच पुढे राहतो.

सीमा आधी, भाषा नंतर

दोन भाषांचा हा सांधा म्हणजे मागाहून लावलेलं ठिगळ असावं असं वाटतं. इतिहास नेमकं उलट सांगतो. ५ मे १९७६ रोजी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांचे सहकारी एका बैठकीला जमले. तिथे काढलेल्या आराखड्यात मधोमध फोरट्रानमधला गणिती कोड होता आणि त्याच्याभोवती, वापरणाऱ्याला त्याच्यापर्यंत नेणारा ‘इंटरफेस’. त्यातून ‘एस’ भाषा जन्मली. पुढे १९९०च्या दशकात ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी एसच्या वळणाची आर भाषा घडवली. तिची १.० आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० रोजी.

म्हणजे सीमारेषा आधी आखली गेली आणि भाषा तिच्याभोवती वाढली. आजही एखादी विद्यार्थिनी आरमध्ये ‘एलएम’ म्हणते आणि तिच्या आकड्यांमधून सरळ रेषा काढून घेते, तेव्हा पडद्याआड लिनपॅक नावाच्या, १९७०च्या दशकातल्या फोरट्रान संग्रहातून आलेला कोड काम करत असतो. सीमा ओलांडणं ही आरची रोजची चाल आहे. बिघाड होतो तो ओलांडताना कागदपत्रं तपासली नाहीत की.

१०७ कोटींचा हिशेब

आता त्या आकड्याकडे वळू. आरमध्ये १, २, ३ असे सुटे आकडे जोडून व्हेक्टर बनवला की आर ते दशांश संख्या म्हणून साठवतं. प्रत्येक संख्येला ८ बाइट, म्हणजे ६४ बिट. आपलं सी फंक्शन मात्र पूर्णांकांची वाट पाहत होतं, प्रत्येकी ४ बाइटचे. आरच्या ‘डॉट सी’ या जुन्या वाटेनं जाताना दोघांमध्ये दुभाषा नसतो. पहिली संख्या मेमरीत कुठे आहे तेवढा पत्ता पलीकडे जातो. पुढचं वाचणं सीच्या हाती.

मोडीत शब्दांमध्ये जागा न सोडता ओळ सलग लिहीत, आणि तोडायची जागा चुकली की भलताच मजकूर वाचला जाई. इथे तेच घडतं. बाइट खरे आहेत, ओळ खरी आहे, तोडणी चुकली आहे.

दशांश संख्या लिहिण्याची पद्धत १९८५ साली आयईईई ७५४ या मानकानं ठरवून दिली. विल्यम काहन हे या मानकाचे मुख्य शिल्पकार. ६४ बिटांपैकी पहिला बिट चिन्हाचा, पुढचे ११ घातांकाचे आणि उरलेले ५२ अपूर्णांकाचे. ऋण घातांकही लिहिता यावेत म्हणून खऱ्या घातांकात १०२३ मिळवून तो साठवतात. १ म्हणजे २ चा शून्यावा घात. त्यामुळे १ ही संख्या लिहिताना घातांकाच्या रकान्यात येतं १०२३ आणि बाकी सगळीकडे शून्य.

या ६४ बिटांचे मधोमध दोन तुकडे करा. खालच्या ३२ बिटांत निव्वळ शून्य. वरच्या ३२ बिटांत घातांकाचे १०२३, पण त्यांच्या उजवीकडे अजून २० बिटांची जागा आहे. म्हणून त्या तुकड्याची पूर्णांकी किंमत होते १०२३ गुणिले २ चा विसावा घात, म्हणजे १०२३ × १०४८५७६. करून पाहा : १०७२६९३२४८.

आपल्या लॅपटॉपमधल्या इंटेल किंवा अ‍ॅपलच्या चिपवर खालचा तुकडा आधी ठेवला जातो. सी फंक्शननं तीन पूर्णांक वाचले ते असे : १ चा खालचा तुकडा ०, १ चा वरचा तुकडा १०७२६९३२४८, आणि २ चा खालचा तुकडा ०. तिघांची बेरीज अचूक आहे. तीनपर्यंत फंक्शन पोचलंच नाही.

आता गंमत पाहा. तेच आकडे आरमध्ये ‘१ ते ३’ अशा अपूर्णविरामाच्या रूपात लिहिले, तर आर ते पूर्णांक म्हणून साठवतं आणि उत्तर येतं ६. पडद्यावर दोन्ही व्हेक्टर हुबेहूब सारखे छापले जातात. फरक दिसतो तो ‘टाइपऑफ’ विचारल्यावर.

याच चुकीचं आणखी लबाड रूप आहे. आकडे बरोबर पाठवले, पण ‘किती आकडे आहेत’ हे सांगणारा ३ दशांश म्हणून गेला, तर काय होईल? ३ च्याही खालच्या तुकड्यात शून्यच असतं. सीला वाटतं आकडे शून्य आहेत, लूप एकदाही फिरत नाही आणि बेरीज ० परत येते. फंक्शन ‘काहीच करत नाही’ अशी तक्रार ऐकू आली की पहिला संशय इथे घ्यावा. उपाय एका शब्दाचा : पाठवण्याआधी ‘अ‍ॅज डॉट इंटिजर’.

नाव सापडत नाही तेव्हा

कधी गाडी इथवरही येत नाही. कंपाइल झालं, फाइल लोड झाली, आणि आर म्हणतं की या नावाचं फंक्शन तिथे नाहीच. डोळ्यांसमोर कोडमध्ये नाव असतं. असं बहुधा फाइल सी प्लस प्लसची असताना होतं. त्या भाषेत एकाच नावाची अनेक फंक्शनं चालतात, फक्त त्यांना दिली जाणारी माहिती वेगळ्या प्रकारची हवी. त्यांची गल्लत होऊ नये म्हणून कंपाइलर नावातच सगळी ओळख गुंफतो. जीसीसी आणि क्लँग हे कंपाइलर आधी अधोरेखा आणि झेड लावतात, मग नावाची लांबी, मग नाव, मग प्रत्येक घटकाच्या प्रकाराची खूण. आर जुनं साधं नाव शोधत राहतं. फंक्शनआधी ‘एक्स्टर्न सी’ लिहिलं की नाव आहे तसं राहतं. ‘एनएम’ ही आज्ञा कंपाइल झालेल्या फाइलीतली नावं दाखवते, तिथे हे रूपांतर स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं.

नसलेल्या आकड्याचं रूप

संख्याशास्त्रात हरवलेली नोंद फार महत्त्वाची. आर तिला ‘एनए’ म्हणतं. सीला ही कल्पनाच नाही. मग एनए मेमरीत कसा राहतो? पूर्णांकांमध्ये तो सर्वांत लहान संख्येच्या जागी बसतो : -२१४७४८३६४८. ‘डॉट कॉल’ या नव्या वाटेनं गेलेल्या सी कोडनं न तपासता त्यात १ मिळवला, तर मिळतं -२१४७४८३६४७, म्हणजे एक चारचौघांसारखी संख्या. हरवलेली नोंद सापडली असा भास करून ती पुढच्या सरासरीत मिसळते.

दशांशांमध्ये एनए हा ‘संख्या नव्हे’ या खास बिटरचनेचा एक प्रकार आहे, आणि इतरांपासून तो वेगळा ओळखता यावा म्हणून त्याच्या खालच्या तुकड्यात एक आकडा कोरलेला आहे : १९५४. रॉस इहाका यांचं जन्मवर्ष तेच. जगभरच्या आरमधल्या प्रत्येक हरवलेल्या दशांश नोंदीच्या आत हा आकडा लिहिलेला असतो.

वस्तू कुणाची

सर्वांत कष्ट देणारे बिघाड मेमरीचे. आर अधूनमधून सफाई करतं : ज्या वस्तूपर्यंत आरला ठाऊक असलेल्या कुठल्याच वाटेनं पोचता येत नाही, तिची जागा मोकळी होते. सी कोडनं नुकतीच बनवलेली वस्तू आरच्या नजरेत अजून आलेली नसते. म्हणून ‘प्रोटेक्ट’ म्हणून ती राखून ठेवावी लागते आणि काम झालं की सोडावी लागते. हे राहून गेलं तर प्रोग्रॅम कित्येकदा नीट चालतो आणि नेमकी सफाई मध्ये आली की कोसळतो. अशा वेळी ‘जीसी टॉर्चर’ चालू करावं. मग आर जवळजवळ दर पावलाला सफाई करतं आणि लपलेली चूक लगेच वर येते. गती कासवाची होते, पण दिवसांचं शोधकाम वाचतं.

डर्क एडेलब्युटेल आणि रोमाँ फ्रान्स्वा यांनी वाढवलेल्या ‘आरसीपीपी’ पॅकेजनं ही राखण आणि प्रकारांचं रूपांतर आपल्या अंगावर घेतलं. त्यामुळे सी प्लस प्लसची वाट सामान्य संशोधकालाही मोकळी झाली. पण सोयीतही सीमा पुसली जात नाही. दशांशांचा व्हेक्टर घेऊन जागच्या जागी दुप्पट करणारं फंक्शन लिहा. त्याला दशांश दिले तर मूळ व्हेक्टरच बदलतो, आणि त्याच्याशी आधी बरोबरीनं जोडलेलं दुसरं नावही. त्यालाच पूर्णांक दिले तर रूपांतरासाठी गुपचूप प्रत निघते, बदल त्या प्रतीत होतो आणि मूळ जसंच्या तसं राहतं. कोड एकच, वागणं दोन. मूळ सुरक्षित हवं तर आधी ‘क्लोन’ करून घ्यावं.

वेग आणि साक्ष

हे सगळं जुळल्यावरही वेग वाढला नाही, तर आधी ‘आरप्रॉफ’नं मोजावं की वेळ खरंच त्या फंक्शनमध्ये जात होता का. मग रीत तपासावी. फिबोनाचीची तिसावी संख्या स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शननं काढली, तर २६ लाख ९२ हजार ५३७ वेळा फंक्शन बोलावलं जातं. सी प्लस प्लसमध्ये ते झटक्यात होतं. पण मागच्या दोन संख्या हाताशी ठेवून पुढे गेलं, तर तीसेक बेरजा पुरतात आणि साधं आरही क्षणात उत्तर देतं.

आणि वेग मिळाला म्हणून आरमधला जुना, संथ कोड पुसू नये. नव्या कोडची खरी परीक्षा त्याच्याशीच होते. दोघांना तीच माहिती द्यावी : रिकामा व्हेक्टर, एकच आकडा, मध्ये एनए, पूर्णांक, दशांश. शेवटच्या अंकांत किंचित फरक आला तर घाबरू नये. आरचं ‘सम’ इंटेलच्या चिपवर ६४ ऐवजी ८० बिटांच्या अचूकतेनं बेरीज करतं, आपला सी कोड ६४ बिटांनी. म्हणून अशी तुलना ‘ऑल इक्वल’नं करावी. त्याहून मोठा फरक दिसला, तर संथ कोडवर विश्वास ठेवावा आणि सीमेवरची कागदपत्रं पुन्हा तपासावीत : प्रकार, संख्या, नाव, मालकी. याच क्रमानं.