टाइमआउट म्हणजे नापास नव्हे!

बाबांनी धाडहून मोबाइलवरून मेसचे पैसे पाठवले. स्क्रीनवर 'टाइमआउट'! त्यांचे पैसे कापले गेले, मला मिळालेच नाहीत. आता पुन्हा पाठवायचे का?

हाच प्रश्न सॉफ्टवेअरलाही पडतो. म्हणून वेब सर्व्हिस तपासताना मुद्दाम चुका घडवून बघायच्या. सोप १.१ च्या फॉल्टमध्ये 'क्लायंट' कोड आला, तर आपलीच विनंती चुकली, ती सुधारा. 'सर्व्हर' आला, तर तीच विनंती थोड्या वेळाने चालू शकते. टाइमआउट म्हणजे मात्र निकाल राखीव! आधी जुन्या व्यवहार क्रमांकाने चौकशी, मगच पुन्हा प्रयत्न. नाहीतर पैसे दोनदा जातील.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयचे असे अडकलेले पैसे पुढच्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. नंतर रोज १०० रुपये भरपाई.

बाबा थांबले, पैसे परत आले. मेसवाले काकाही थांबले!